विहिरीच्या भिंतीतला लाव्हा

विदर्भात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे गव्हाला ओलीत करायला वावरात गेलेल्या माणसाने एक गोष्ट हमखास पाहिलेली असते. हवेत बोटे बधिर करणारा गारठा असतो, धुऱ्यावरच्या गवतावर दव साचलेले असते आणि पंप सुरू झाला की बोअरच्या पाइपातून पडणाऱ्या पाण्यावर मात्र वाफ तरंगू लागते. त्या धारेखाली हात धरला की बरे वाटते. आमच्या भागातली जुनी माणसे याचा अर्थ सरळ लावतात: खाली आग आहे, तिथून पाणी तापून वर येते. शाळेत शिकलेली मुले त्यात आणखी भर घालतात, की पृथ्वीच्या पोटात लाव्हारस उकळतो आहे आणि आपण त्यावर तरंगणाऱ्या पातळ कवचावर राहतो. या दोन्ही समजुतींत सत्याचा अंश आहे, पण खरी हकिकत त्यांच्यापेक्षा कितीतरी विलक्षण आहे आणि तिचा पुरावा आपल्या प्रत्येक विहिरीच्या भिंतीत उघडा पडलेला आहे.

आधी त्या वाफेचे पाहू. जमिनीत दहा-पंधरा मीटर खाली गेल्यावर उन्हाळा आणि हिवाळा हा भेद जवळजवळ संपतो. तिथले तापमान वर्षभराच्या सरासरीइतके, म्हणजे विदर्भात साधारण २७ अंश सेल्सिअसच्या आसपास, कायम राहते. त्याखाली मात्र दर किलोमीटरला सुमारे २५ ते ३० अंशांनी उष्णता वाढत जाते. दोनशे मीटर खोल बोअरमध्ये ही वाढ जेमतेम पाच-सहा अंशांची असते, म्हणजे पाणी ३२-३३ अंशांवर असते. बाहेरची हवा दहा अंशांपर्यंत उतरलेली असल्यामुळे त्यातून उठणारी वाफ चटकन बारीक थेंबांत बदलून धुक्यासारखी दिसते, इतकेच. तेच पाणी मे महिन्यात, ४५ अंशांच्या उन्हात, गार लागते. पाणी बदललेले नसते. बदललेला असतो तो आपला हात.

पण खोलीबरोबर उष्णता वाढते हे खरे आहे आणि ही वाढ पुढे कुठवर जाते, हा प्रश्न साहजिक आहे. आपल्या पायाखालचे भूकवच सुमारे ३५ ते ४० किलोमीटर जाडीचे आहे आणि त्याखाली २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत प्रावरण पसरलेले आहे. हे प्रावरण तप्त आहे, पण ते द्रव नाही. हे आपल्याला कळले ते भूकंपांमुळे. भूकंपाच्या लहरींपैकी काही लहरी वाटेतल्या खडकाला आडवे हलवत पुढे सरकतात आणि अशा लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत; तरीही त्या प्रावरणातून आरपार जातात, म्हणजे प्रावरण घन असले पाहिजे. रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम या भूवैज्ञानिकाने भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात असताना १८९७ च्या आसामच्या महाभूकंपाचा अभ्यास केला होता, आणि १९०६ मध्ये त्याने अशाच लहरींच्या नोंदींवरून पृथ्वीला वेगळा गाभा असल्याचे दाखवले. त्या गाभ्याचा बाहेरचा भाग खरोखरच द्रव आहे, मात्र तो वितळलेल्या लोखंडाचा आहे, आणि ज्वालामुखीतून बाहेर पडणाऱ्या शिलारसाशी त्याचा थेट संबंध नाही.

मग शिलारस येतो कुठून? प्रावरणाचा घन खडक काही ठिकाणी, काही कारणांनी, थोडासा वितळतो आणि त्याचे थेंब एकत्र येऊन वर सरकतात. शंभर किलोमीटर खोलीवर खडक सुमारे १,३०० अंशांवर असतो. इतक्या उष्णतेत तो जमिनीवर असता तर वितळू लागला असता, पण वरच्या प्रचंड दाबामुळे तो घनच राहतो. घरातल्या प्रेशर कुकरमध्ये हेच तत्त्व रोज काम करते: दाबाखाली पाणी १०० ऐवजी १२० अंशांजवळ उकळते, आणि दाब एकाएकी गेला तर तेच पाणी चूल न वाढवताही खळखळून उकळू लागते. प्रावरणातला तप्त खडक हळूहळू वर चढला, की त्याच्यावरचा दाब कमी होतो आणि जास्तीची उष्णता न मिळताही तो वितळू लागतो. खडक वितळण्याचा हा एक मार्ग झाला.

दुसरा मार्ग पाण्याचा आहे, आणि मला तो अधिक थक्क करणारा वाटतो. सोनार मुशीत धातू गाळताना चिमूटभर टाकणखार टाकतो. त्यामुळे धातूतला न वितळणारा मळ कमी आचेवर पातळ होऊन वेगळा निघतो. खडकाच्या बाबतीत ही कामगिरी पाणी करते. खडकातली खनिजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या साखळ्यांनी एकमेकांत गुंतलेली असतात; दाबाखाली पाण्याचे रेणू त्या साखळ्यांत शिरून त्यांचे दुवे तोडतात आणि खडक बऱ्याच कमी तापमानाला वितळतो. कोरडा ग्रॅनाइट वितळायला ९५० अंशांच्या पुढे जावे लागते, पण पुरेसे पाणी आणि दाब असेल तर तोच ग्रॅनाइट ६५० अंशांच्या आसपास वितळू लागतो. पाण्याने आग विझते एवढेच आपण पिढ्यानपिढ्या पाहत आलो. जमिनीखाली शंभर किलोमीटरवर मात्र पाणीच दगडाचा रस करते.

तिथे पाणी पोहोचते ते समुद्राच्या तळामार्फत. समुद्रतळाच्या खडकांत प्रचंड पाणी मुरते आणि त्यातले बरेचसे खनिजांच्या रचनेतच बांधले जाते. असा ओला समुद्रतळ जिथे दुसऱ्या भूपट्टाखाली, म्हणजे पृथ्वीच्या वरच्या कठीण थराच्या दुसऱ्या प्रचंड सरकत्या तुकड्याखाली, सरकतो, तिथे खोलीवरच्या उष्णतेने ही खनिजे फुटतात, त्यांतले पाणी सुटून वरच्या प्रावरणात शिरते आणि ते प्रावरण वितळते. जपान आणि इंडोनेशियाचे ज्वालामुखी असेच जन्मले. भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी, अंदमान समुद्रातले बॅरन बेट, याच प्रकारचा आहे. १९९१ मध्ये तो दीर्घ विश्रांतीनंतर पुन्हा जागा झाला आणि तेव्हापासून अधूनमधून धुमसत असतो.

याहूनही खोल, ४१० ते ६६० किलोमीटरच्या पट्ट्याच्या खालच्या भागात, रिंगवूडाइट नावाचे खनिज असते. २०१४ मध्ये ब्राझीलमधील जुइना भागात सापडलेल्या एका ओबडधोबड हिऱ्याच्या पोटात या खनिजाचा अगदी बारीक कण आढळल्याचे जाहीर झाले, आणि त्याच्या वजनाचा सुमारे दीड टक्का भाग पाण्याचा होता. हे पाणी द्रवरूपात नसते. त्याचे घटक खनिजाच्या अणुरचनेत जखडलेले असतात, त्यामुळे तिथे कुणी बोअर पाडू शकला असता तरी त्यातून थेंबही गळला नसता. पण दीड टक्का हे प्रमाण अडीचशे किलोमीटर जाडीच्या थराला लावून पाहिले, म्हणजे या थराची पाणी धरून ठेवण्याची ताकद सगळ्या महासागरांच्या तोडीची किंवा त्याहून जास्त का मानली जाते, हे ध्यानात येते.

आता पुन्हा आपल्या वावरात येऊ, कारण या सगळ्याचा आपल्या विहिरीशी फार जवळचा संबंध आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारतीय भूपट्ट दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असताना, आज हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटाखाली असलेल्या तप्त जागेवरून जात होता. तिथे खोलवरून वर चढणारा खडक दाब कमी झाल्यामुळे वितळला आणि जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा बाहेर आला. त्याचे थरावर थर साचले आणि दख्खनचे पठार तयार झाले. आज हा बेसॉल्ट, म्हणजे गोठलेल्या लाव्हाचा काळा खडक, सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर शिल्लक आहे आणि महाराष्ट्राचा सुमारे ८१ टक्के भाग त्याने झाकलेला आहे. सह्याद्रीत या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते, तर पूर्वेकडे ती कमी होत नागपूरजवळ संपते. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे फार जुने ग्रॅनाइट आणि नाइस जातीचे खडक उघडे पडतात, आणि म्हणूनच तिकडची पाण्याची व्यवस्था विहिरींपेक्षा मालगुजारी तलावांवर, म्हणजे जुन्या जमीनदारांनी बांधलेल्या तलावांवर, अधिक बेतलेली दिसते.

बुलढाणा, वाशीम, यवतमाळ, वर्धा या भागांत विहीर खणताना वरून खाली काय लागते हे खोदणाऱ्यांना तोंडपाठ असते. आधी काळी माती; मग पांढऱ्या चुनखडीचे खडे मिसळलेला थर; मग मुरूम; त्याखाली कांद्याच्या पाकळ्यांसारखा सुटत जाणारा कच्चा खडक; आणि नंतर सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण. त्या पाषाणाखाली कधी छिद्राछिद्रांचा जाळीदार खडक लागतो, तर कधी विटेच्या रंगाचा गेरूसारखा मातकट थर. काळ्या मातीपासून पाषाणापर्यंतचे हे सगळे मूळचे एकच आहे, फक्त ऊन-पावसाने कमी-जास्त झिजलेले. ज्या मातीत आपण पऱ्हाटी आणि तूर पेरतो, ती झिजून बारीक झालेला लाव्हाच आहे.

जाळीदार खडकाकडे मात्र थांबून पाहिले पाहिजे. लाव्हा वर येताना त्यात थोडे पाणी विरघळलेले होते, शिवाय कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचे वायूही होते. खोलवरच्या दाबाखाली हे सारे शिलारसात मुकाट सामावून राहते, पण वर येताच सुटते आणि त्याचे बुडबुडे होतात. जमिनीजवळच्या दाबाला पाण्याची वाफ होते तेव्हा तिचे आकारमान सुमारे १,६०० ते १,७०० पटींनी वाढते, त्यामुळे किंचितशा पाण्यानेही असंख्य बुडबुडे तयार होतात. ते वर चढत जातात आणि लाव्हाची साय गोठू लागली की तिच्यात अडकतात. अनारशाला पडते तशी जाळी प्रत्येक लाव्हाथराच्या माथ्याला पडते. थराचा मधला भाग सावकाश थिजतो, त्यातले वायू निघून गेलेले असतात, म्हणून तो घट्ट, निर्भेळ, काळा पाषाण होतो. विहिरीत आधी पाषाण, मग जाळी, मग पुन्हा पाषाण असे आलटून पालटून लागते, ते एकावर एक आलेल्या लाव्हाच्या पुरांमुळे.

म्हणजे आज ज्या छिद्रांत आणि फटींत आपल्या विहिरीचे पाणी राहते, त्यांतली कित्येक छिद्रे मुळात पाण्याच्याच वाफेने केलेली आहेत, आणि ते पाणी प्रावरणातून आलेले होते. पुढची गोष्ट त्याहून गुंतागुंतीची आहे. लाव्हा थंड झाल्यानंतर पावसाचे पाणी त्याच छिद्रांतून झिरपू लागले, खडकातील क्षार त्यात विरघळले आणि छिद्रांच्या आतल्या बाजूवर साचत गेले. विहिरीच्या ढिगाऱ्यात मुले वेचतात ते पांढरे, हिरवट, चमकदार खडे याच साठ्यातून आलेले असतात. त्यांतल्या झिओलाइट या गटाचे नाव १७५६ मध्ये स्वीडनच्या क्रॉनस्टेट या खनिजशास्त्रज्ञाने ठेवले. हे खडे तापवले की आतले पाणी सुटून फसफसल्यासारखे दिसतात, म्हणून त्याने ग्रीक शब्दांतून ‘उकळणारा दगड’ या अर्थाचे नाव योजले. असे खडे छिद्रांत गच्च भरले, की जाळीदार खडक दिसायला जाळीदार असला तरी पाण्याला बंद होतो. मग पुन्हा लाखो वर्षे वारा-पावसाने झिजल्यावर तो मोकळा होतो आणि पाणी धरू लागतो. वाफेने केलेली छिद्रे पाण्यानेच बुजवली आणि पाण्यानेच पुन्हा उघडली.

विटेच्या रंगाच्या थराची कथाही अशीच आहे. एक लाव्हा येऊन गेल्यावर दुसरा येईपर्यंत मध्ये कधी कधी इतका काळ गेला, की पहिल्या थराचा माथा पावसाने कुजून त्याची माती झाली. पुढच्या लाव्हाने ती माती भाजून काढली आणि आपल्याखाली गाडली. या थरातून पाणी सहजासहजी खाली उतरत नाही, म्हणून त्याच्या डोक्यावरच्या फटींतून ते आडवे वाहत येऊन विहिरीच्या भिंतीतून झरा होऊन गळते. बोअर पाडताना करड्या भुकटीऐवजी एकाएकी लाल गारा वर येऊ लागला, की हा थर लागला असे समजावे. तो ढासळतो म्हणून बोअरच्या गाडीवाले तिथे केसिंगची, म्हणजे भोकाला आतून आधार देणाऱ्या पाइपाची, काळजी करतात, पण त्याच्या लगेच खाली जुन्या लाव्हाचा जाळीदार माथा असण्याचा संभव असतो, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

एका धुऱ्याच्या अलीकडे चाळीस फुटांवर पाणी आणि पलीकडे शंभर फुटांवरही कोरडे, हे कोडे इथेच सुटते. झिजलेल्या बेसॉल्टच्या शंभर लिटर खडकातून आपल्याला वापरता येणारे पाणी जेमतेम दोन-तीन लिटर असते, आणि घट्ट पाषाणात भेग नसेल तर तेवढेही नसते. जमिनीखाली सलग तळे किंवा वाहती नदी नाही. आहेत त्या भेगा, सांधे आणि छिद्रे, जिथे ती एकमेकांना जोडलेली आहेत तिथे पाणी, जिथे तुटलेली आहेत तिथे कोरड. वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात बोअर वर्षागणिक खोल जात आहेत आणि त्याचे मला फार वाईट वाटते, कारण खडकाच्या रचनेने त्या पाण्याची मर्यादा आधीच ठरवून ठेवलेली आहे. खोल जाताना भेगा दाबाने मिटत जातात. अधिक खोली म्हणजे अधिक पाणी, हे गणित बेसॉल्टमध्ये बहुतेक वेळा चुकते.

लाव्हाच्या दोन पुरांमधल्या काळात इथे पाणी कसे होते, याचे पुरावे नागपूरनेच जगाला दिले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने आपले सहकारी हंटर यांच्यासह नागपूरजवळच्या टाकळी परिसरात लाव्हाच्या थरांमध्ये दबलेल्या गाळात गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंची आणि वनस्पतींची जीवाश्मे शोधली. एक लाव्हा थंड झाला, त्याच्यावर तळी साचली, त्यांत गोगलगाई वाढल्या, आणि पुढच्या लाव्हाने त्या तळ्यांना झाकले. हिस्लॉप १८६३ मध्ये पुराच्या पाण्यात बुडून वारले. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय त्यांच्या नावाने ओळखले जाते. यवतमाळ जिल्ह्यात झरी-जामणी तालुक्यातील शिबला-पार्डी परिसरात दगडाचे पैलूदार खांब उभे दिसतात. कुणी घडवल्यासारखे वाटणारे हे खांब लाव्हा थंड होताना आकसल्यामुळे, तळ्याच्या तळाचा चिखल वाळून तडकतो त्याच रीतीने, तयार झालेले आहेत.

हा लाव्हा आता पूर्ण थंड आहे आणि त्याच्याखाली शिलारसाचा साठा उरलेला नाही. किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर पाडलेल्या बोअरमध्ये ३३८ मीटरवर बेसॉल्ट संपला. कोयनेजवळ तीन किलोमीटरपर्यंत नेलेल्या बोअरमध्ये तो सुमारे १,२५० मीटरवर संपला आणि त्याखाली प्राचीन ग्रॅनाइटसारखा खडक लागला. वर्धा खोऱ्यात काही ठिकाणी बेसॉल्टच्या खाली गोंडवन काळातले वालुकाश्म आणि दगडी कोळसा आहे. शिलारस खाली असता तर कोळसा शिल्लक राहिला नसता.

तरीही गरम पाण्याचे झरे आहेत, आणि त्यांवरून अफवा उठतात. मोर्शी तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी सालबर्डी आहे. यवतमाळच्या सीमेला लागून, पैनगंगेच्या पलीकडे किनवट तालुक्यात उनकेश्वर आहे. या झऱ्यांचे पाणी पावसाचेच असते. जमिनीतल्या मोठ्या भ्रंशांतून, म्हणजे खडक सरकून पडलेल्या तडांतून, ते खोल उतरते, तिथल्या नैसर्गिक उष्णतेने तापते आणि दुसऱ्या वाटेने, थंड व्हायला वेळ न मिळता, वर येते. दोन किलोमीटर खोलीवर आपल्याकडे खडक साधारण ७५ ते ८५ अंशांचा असतो, तेवढी ऊब पुरेशी आहे. शिलारस खरोखर जवळ असतो तेव्हा काय होते, हे आइसलँडमध्ये क्राफ्ला येथे २००९ मध्ये दिसले. तिथे वाफेसाठी पाडलेले बोअर २,१०० मीटरवर थेट सुमारे ९०० अंशांच्या शिलारसात शिरले आणि पुढे त्या बोअरच्या तोंडाशी आलेली वाफ ४५० अंशांची होती.

२०१८ च्या पावसाळ्यात मेळघाटात धारणी तालुक्यातल्या साद्राबाडी परिसरात जमीन वारंवार हादरली, तेव्हाही ज्वालामुखीची चर्चा झाली आणि लोकांनी भीतीने रात्री बाहेर काढल्या. ती भीती समजण्यासारखी आहे. जोराच्या पावसानंतर असे लहान धक्के आणि गडगडाट दख्खनच्या पठारावर इतरत्रही जाणवतात. भेगांत उतरलेल्या पाण्याचा दाब वाढला की घट्ट आवळून बसलेल्या खडकाच्या दोन बाजूंमधली पकड सैल होते आणि आधीपासून साचलेला ताण लहान लहान धक्क्यांनी मोकळा होतो. इथेही कर्ते पाणीच असते. शिलारसाचा त्यात काही भाग नसतो.

लोणारचे सरोवरही बराच काळ ज्वालामुखीचे मुख मानले जात होते. १९७० च्या दशकातल्या संशोधनाने ते उल्कापाताने झालेले असल्याचे नक्की केले. तिथे बेसॉल्ट दुसऱ्यांदा वितळला, पण तो आघाताने. त्या विवराच्या कडेवरून बारमाही वाहणारी धार मात्र याच लाव्हाथरांतले पाणी आहे. अकोला-अमरावतीचा खारपाणपट्टा या सगळ्यापासून वेगळा आहे: तिथे पूर्णेच्या खोऱ्यात शेकडो मीटर गाळ साचलेला आहे आणि खारेपण त्या गाळातल्या पाण्याचे आहे, बेसॉल्टचे नाही.

माझी एक मनापासूनची विनंती आहे. गावात नवे बोअर पडत असेल तेव्हा दर दहा फुटांना वर येणारी मूठभर भुकटी एकेका पिशवीत भरून तिच्यावर खोली लिहून ठेवावी: करडी कुठे होती, लाल कुठे झाली, पांढरे खडे कुठे आले, ओल कुठे लागली. पंधरा-वीस बोअरच्या अशा पिशव्या शाळेच्या एका कपाटात मावतात. त्या ओळीने मांडल्या, की गावाखालचा लाल थर कुठल्या वावरात किती खोल आहे आणि कुठल्या बाजूला उतरतो आहे, हे सातवीतल्या मुलालाही कागदावर रेघ ओढून दाखवता येईल.